लांब स्क्रू, आखूड स्क्रू

उदगीरच्या दस्तगीरभाईंची बंदूक दुरुस्तीत चाळीस वर्षं गेली होती. त्यामुळं चाकूरच्या भुजंगरावांची रायफल अडून बसली, तेव्हा भाईंना जेवण गोड लागेना.

रायफल बावीस बोअरची, जुनी सेमी-ऑटोमॅटिक. वडिलांच्या माघारी रीतसर परवाना काढून भुजंगरावांनी ती ठेवलेली. लाकडी दस्ता वाळवीनं खाल्ला होता. भाईंनी पुर्जा न् पुर्जा सुटा करून गंज काढला आणि शेजारच्या वीरण्णा सुताराकडून सागवानी दस्ता करून घेतला. सगळं जोडून गोळी नळीत ढकलणारा बोल्ट मागं ओढला, तर तो अर्ध्यावरच रुतला.

तेल घातलं, स्प्रिंग बदलली, फरक शून्य. दस्ता काढला की बोल्ट झोकात सरके; दस्ता बसवून स्क्रू आवळले की पुन्हा अडे. म्हणजे खोट लाकडातच! भाई तडक वीरण्णाकडं गेले आणि चार गिऱ्हाइकांपुढं म्हणाले, "पलंग करून करून हात जड झाला तुझा. बारीक काम आता तुझ्यानं व्हायचं न्हाई."

वीरण्णा जागचा उठला. दस्ता घेऊन आत गेला, जरा वेळानं आतून तासलाय म्हणून आणून दिला. बोल्ट तरीही अडलाच.

मग भाईंनी घरात जाऊन बायकोकडं, फरीदाबींकडं, काजळाची डबी मागितली. ह्या वयात कुणासाठी नटताय, असं त्यांनी विचारलंच. भाईंनी बोल्टला खालून काजळ फासलं, स्क्रू आवळले, बोल्ट ओढला आणि सगळं पुन्हा उघडलं. काजळ एकाच जागी पुसलं होतं, केसाएवढी बारीक रेघ. लाकूड असं घासत नाही, घासतं ते लोखंड. त्यांनी दोन्ही स्क्रू शेजारी ठेवले. एक दोन आट्यांनी लांब होता. मागचा हा लांब स्क्रू त्यांनी स्वतःच पुढच्या भोकात घातला होता, आणि त्याचं टोक बोल्टच्या वाटेत डोकावत होतं.

स्क्रूंची अदलाबदल केली. बोल्ट सर्रकन मागं आला. भाईंना हायसं वाटलं, पण घटकाभरच. बोललो तर चारचौघांत होतो, हे आठवलं आणि कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी वीरण्णाच्या दुकानात गर्दी असतानाच ते गेले. "वीरण्णा, चूक माझी होती. स्क्रू म्याच उलटे लावले. तुझं काम चोख हाय."

वीरण्णानं रंधा थांबवला. "दस्ता बरोबर हाय, म्हाईत होतं, भाई. म्या काई तासलंच न्हाई. आत जाऊन नुसता चहा पिऊन आलो."

"मग सांगायचंस की."

"तुमी ऐकायच्या तब्येतीत कुठं होता?"

भाई इतके हसले की त्यांना फळीवर टेकावं लागलं.

सोमवारी भुजंगराव आले. बोल्ट राहिला बाजूला, आधी त्यांनी दस्त्यावरूनच हात फिरवला आणि कुणी केला म्हणून विचारलं. भाईंनी त्यांना हाताला धरून शेजारच्या दुकानात नेलं.