परत का आलात?

पुतण्या मुलाखतीचा सराव करत होता. समोर मी साहेब होऊन बसलो होतो.

"परदेशात काय शिकलात?"

"वेगवेगळ्या देशांतल्या लोकांबरोबर काम करायला, सर."

टाय नीट, आवाज नीट. तिकडची वर्षं अशी इस्त्री करूनच मांडावी लागतात. चुरगळलेलं कुणालाच बघायचं नसतं.

"मग परत का आलात?"

दादाच्या, म्हणजे याच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मी घाटावर मोबाईल उंच धरून उभा होतो. पडद्यावर हा हुंदके देत म्हणाला, "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही. मी परत येतो." तेव्हा कुठे कावळा खाली उतरला.

"इथे आता संधी वाढल्यात, सर," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"छान. हेच सांग."