कापडाखालचा आकडा

मे महिन्याची बारा तारीख. आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस होता. पुंडलिकनगरात राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आठवड्यातून एकदा नळ येतो, आला की बादल्या, पिंपं, पातेली, इतकंच काय, प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवायचा, आणि तेवढ्या वेळात कुणाला मरायचं असेल तर त्यानं जरा दम धरावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पिंपात पाइप सोडून मी उभी होते. हातांना दुसरं काम नव्हतं, म्हणून मला माझ्या नणंदेच्या सासऱ्यांची आठवण आली. तोंडानं इतकं खोटं आणि हातानं इतकं खरं बोलणारा माणूस मी अख्ख्या मराठवाड्यात दुसरा पाहिलेला नाही.

हे जरा उलगडून सांगायला हवं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. घराच्या खालच्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. पेशंट आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं किती? गुडघा किती वाकतो ते मला कोनमापक लावून मोजता येतं. दुखणं मोजायचं असं काही साधन नाही. समोरचा जो आकडा सांगेल तो खरा धरायचा, लिहायचा, आणि कामाला लागायचं. इतकी वर्षं माझं यावर ठीक चाललं होतं. मग आबा आले.

आबा सोयगावकडचे. उभी हयात बैलबाजारात गेलेली, बैलांचे दलाल. ओळीनं दुष्काळाची वर्षं आली, बाजारात विकणारेच सगळे आणि घेणारा कुणी नाही, असं झालं. धंदा बसला, आणि नेमका त्याच सुमाराला गुडघाही बसला. मुलगा, म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा, त्यांना शहरात घेऊन आला, ऑपरेशन करून नवा गुडघा बसवला, आणि बायपासच्या पलीकडं नव्यानं उठलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. इमारतीत लिफ्टची जागा होती. लिफ्ट यायची होती. रोज सकाळी कामावर जाताना मुलगा त्यांना माझ्याकडं सोडायचा आणि दुपारी नणंद रिक्षानं घेऊन जायची. व्यायाम अर्ध्या तासाचा, बाकी सकाळभर आबा क्लिनिकच्या दारातल्या खुर्चीवर.

पहिल्या दिवशी मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. मुलगा शेजारी, नणंद शेजारी, पलीकडच्या खाटेवर कंबरेला शेक घेत पडलेल्या बाई. आबांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं, आणि मी त्यांना भरबाजारात धोतर सोडायला सांगितल्यासारखा चेहरा केला. म्हणाले, "काय नाय. बरं हाय." मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्या हातावर टाकलं, त्याखाली स्वतःचा हात घातला, आणि माझी पाचही बोटं एकदा मुठीत धरून सोडली. मग दोन बोटं दाबली. मुलगा घाबरून म्हणाला, "वहिनी, त्यांना चक्कर येतीय का?"

चक्कर नव्हती, सात होते. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि दलाल कापडाखाली एकमेकांचा हात धरतात, पंजा म्हणजे पाच, एक बोट म्हणजे एक. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. तोंडानं तेव्हा वाटेल ते बोलायचं असतं. "म्हातारा बैल हाय, फुकट बी नको," असं ओरडत माणूस खाली बोटं दाबून भाव वाढवत असतो. आबा मला म्हणाले, "डाक्टरीणबाई, तोंडाला कुणी इचारत नाय. कापडाखाली खोटं बोलला त्यो मात्र बाजारातनं उठला." मग मोठ्यानं मुलाला, "लई झालं तर चार-पाच आसंल. पोरांना उगं काळजी."

तेव्हापासून आमचा व्यवहार कापडाखाली. मी लहान मुलांसाठी आणलेला चेहऱ्यांचा तक्ता एकदा त्यांच्यापुढं धरला. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे, दुखणं ज्या चेहऱ्यासारखं असेल त्याच्यावर बोट ठेवायचं. त्यांनी तो नीट न्याहाळला आणि परत दिला. "चेहरा गिऱ्हाइकाला दाखवायचा आसतो," म्हणाले.

स्वतःचा आकडा लपवणारा हा माणूस दुसऱ्यांच्या दुखण्याबद्दल मात्र फार मोकळा होता. फाटकातून पेशंट आत येईपर्यंत त्याची पारख झालेली असे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे, त्यांना पाहून आबा मला सांगत, "ह्येंचा मागचा डावा हलका पडतोय." वय विचारल्यावर त्या गृहस्थांनी पासष्ट सांगितलं, तर बैलाचं वय बघावं तशी आबांनी हळूच त्यांच्या दातांकडं नजर टाकली. एका शिक्षिकेला पाहून त्यांनी खुब्याचा दोष काढला, "तोलच गेलाय, ह्ये काय सुधरत नाय आता." बाईंचा चेहरा उतरला. मी तपासलं तर खुबा ठणठणीत, चप्पल नवी आणि एका नंबरानं लहान. आबांना त्याचं काही वाटलं नाही. "नाल बी तपासायला पायजे," एवढंच म्हणाले.

आणि दलाली तर सुटतच नव्हती. एकदा एका पेशंटनं खांद्याच्या दुखण्याचा आकडा नऊ सांगितला. हा मनुष्य त्याच हातानं हेल्मेट काढत होता, मोबाइल धरत होता, केस सारखे करत होता. मी म्हटलं, "नऊ नसेल हो. पाच असेल." तो ऐकेना. दारातून आबा उठले, लंगडत आमच्या मधे येऊन उभे राहिले. "बाई पाच धरत्यात, तुम्ही नऊ म्हनता. तुमचं नको, बाईचं नको. सातात तोडा." तो पेशंट क्षणभर विचार करून म्हणाला, "चालेल." मी मुकाट्यानं सात लिहिलं. पुढं पुढं लोक माझ्याकडं येण्याआधी आबांशेजारी बसून घ्यायला लागले. माझ्यापर्यंत पोचेतो त्यांचं दुखणं एक-दोन आकड्यांनी उतरलेलं असायचं. कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा उपचार नाही.

बाजारच्या दिवशी मात्र आबा वेगळे असत. बाजार तिकडं, सोयगावात. पण इकडं ते पांढरंशुभ्र धोतर नेसून, पटका बांधून यायचे आणि दारात ताठ बसून राहायचे. कुणाची पारख नाही, कुणाचा सौदा नाही. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर खड्डे खणून लोखंड उभं राहत होतं, ते बघत एकदा म्हणाले, "एवढी मान्सं येत्यात रोज तुमच्या गावात. बाजार कंच्या वारी आसतो?" मी म्हटलं, "रोजच असतो आबा." ते म्हणाले, "मंग त्यो बाजार नव्हं. दुकानं झाली."

त्यांची स्वतःची एक बैलजोडी चारा छावणीत होती, पुतण्याच्या भरवशावर. छावणी उठायच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं. मुलाला ते पसंत नव्हतं. गावी एकटे राहणार, पडले-बिडले तर कोण, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बापाला सरळ नाही म्हणवेना, म्हणून त्यानं माझ्या गळ्यात घोंगडं टाकलं: "वहिनी सांगतील ना, दुखणं दोनावर आलं की त्याच दिवशी नेऊन सोडतो." बोलून गेला बिचारा. पण बैलाच्या दलालापुढं आकडा बोलला होता.

त्या दिवसापासून आबा झपाट्यानं बरे व्हायला लागले, तोंडानं. चार. साडेतीन. तीन. हे सगळं मोठ्यानं, मुलगा दारात असताना. कापडाखाली मात्र सातावरून सहा, सहावरून पाच, आणि पाचाशी गाडी रुतून बसलेली. मी व्यायाम बदलले, शेक बदलला, पाच काही हलेना. रोज हात सोडताना ते माझ्याकडं असं बघायचे, जणू यात मी काही सूट देऊ शकेन.

मग एका सकाळी आत येतायेताच त्यांनी जाहीर केलं, "दोन!" मुलगा होता, नणंदही आली होती, सामानाची पिशवी तर आधीच भरलेली. मी म्हटलं, "आबा, कापड?"

"आता काय कापड-बिपड. शहरात ऱ्हायलो, सुधारलो." दोन्ही हात मांडीखाली.

नणंद वैतागली. "वहिनी, दोन म्हणतायत ना ते? तुम्हीच त्यांना ही सवय लावलीय. आणि सांगू का, दुपारी सगळे झोपले की हे तिन्ही मजले चढ-उतार करत असतात. खालच्या वॉचमननं सांगितलं."

आबा छताकडं बघत होते. मी शेकाच्या पिशवीवरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला आणि हात पुढं करून थांबले. मी घाई केली नाही; पेशंट खोळंबले होते, खोळंबू दिले. शेवटी त्यांनी एक हात मांडीखालून काढला. तो टॉवेलखाली आला तेव्हा घामानं ओला होता. पंजा धरला, सोडला, आणि एक बोट दाबलं. जिन्यांनी पाचाचे सहा केले होते. मान खाली घालून ते म्हणाले, "मोडला सौदा."

"किती, वहिनी?" मुलानं विचारलं.

आता यात माझी बुद्धी काय सांगत होती ते लिहिते. सहा हा आकडा खरा होता. पण तो तिसऱ्या मजल्यावर बसून कमी होणारा नव्हता, हेही खरं होतं. मी म्हटलं, "आकडा आम्हा दोघांतला आहे, तो मी सांगणार नाही. दुखतंय त्यांना, दोन नाही एवढं धरून चाल. पण गुडघा शंभर अंशांच्या पुढं वाकतो, जखम कोरडी आहे, आणि गावच्या घरात एकही जिना नाही. खुर्चीचा संडास बसवून घे, रात्री पुतण्याला सोबत झोपायला सांग, आणि घेऊन जा." मुलानं विचारलं, "आणि दुखणं?" "ते त्यांच्याबरोबर जाईल," मी म्हटलं. "इथं ठेवून घेता येत नाही ना."

रिक्षात बसल्यावर आबा मला जवळ बोलावून म्हणाले, "बाई, तुमचा हात बाजारातला हाय." माझ्या डिग्रीबद्दल इतकं चांगलं कुणी बोललेलं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. समोरच्या प्लॉटवर इमारत उभी राहून भाडेकरूसुद्धा बदलले. मी पेशंटना आकडा विचारते, ते सांगतात, मी लिहिते. कुणी घासाघीस करत नाही. कधी एखादी बाई सुनेपुढं "चार" म्हणते आणि मला वाटतं, हिचा हात धरून बघावा. पण धरत नाही. तिला वेड लागल्यासारखं वाटेल. दारातल्या खुर्चीवर लोक मोबाइल बघत बसतात. आपल्या शेजारी येऊन बसलेल्याचं काय दुखतं, हे त्यांना ठाऊक नसतं. मला एरवी कुणाची आठवण काढत बसायला वेळ नसतो, पण या माणसाची मला येते, आणि कामात असतानाही येते.

आबा अधूनमधून पुतण्याच्या मोबाइलवरून फोन करायचे. मी विचारायची, "किती आहे आबा?" आणि त्यांचं ठरलेलं, "फोनवर हात कुठनं धरू? आकडा भेटल्यावर." मग बैलांचं, विहिरीचं, बाजारात भाव कसा पडला त्याचं. आकडा कधीच नाही.

त्या पाण्याच्या दिवशी दुपारी मी पिंपांवर झाकणं ठेवत होते तेव्हा आबांचा फोन आला. आवाज लांबून आल्यासारखा. मी पाणी आल्याचं सांगितलं, उन्हाचं बोलले. मी अजून काही विचारलंही नव्हतं, तोच ते म्हणाले, "गुडघा दोन हाय बरं का, डाक्टरीणबाई. दोनच." एवढं बोलून फोन ठेवला.

हातातलं झाकण मी परत खाली ठेवलं. तोंडानं सांगितलेला आकडा, तोही न विचारता. मागच्या वेळी तोंडाचे दोन कापडाखाली सहा निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकच्या दाराला 'आज बंद' अशी पाटी लावली आणि सोयगावची पहिली एसटी पकडली. घरापाशी पोचले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. मला पाहून उठायला गेले, अर्धे उठले, आणि परत बसले. "आवो, कशाला आल्या एवढ्या उन्हाचं? बरं हाय की सगळं," म्हणाले. मी शेजारी बसले, गळ्यातली ओढणी काढून दोघांच्या मधे टाकली, आणि तिच्याखाली हात पुढं केला.