पार्किंगमधलं शेत

आमची जमीन खारी नव्हती. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला शंका राहणार नाही. ती खारी आहे असं मी वडिलांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, आणि मग ते इतक्या लोकांनी इतकी वर्षं सांगितलं की माझ्या मुलाला ते शाळेतल्या धड्यासारखं पाठ झालं. आता मी म्हातारा आहे, गुडघे दुखतात, ऐकू कमी येतं. पण सांगितलं कुणी आणि का, हे मला स्वच्छ आठवतं.

मी तेव्हा बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो होतो. काम बाटल्या धुण्याचं. घरी ते कुणाला माहीत नव्हतं. घरी एवढंच माहीत होतं की थोरला प्रयोगशाळेत आहे. धाकट्या भावाला शेती करायची होती. मला बोईसरला खोली घ्यायची होती आणि जमीन विकल्याशिवाय ती होत नव्हती. वडील आमच्या दोघांमधे अडले होते. एके दिवशी ते म्हणाले, तुझ्याकडे माती तपासतात ना, घेऊन जा. मी कागदात बांधून मूठभर माती नेली, स्टेशनच्या रस्त्याला गटारात टाकली आणि पुढच्या रविवारी येऊन सांगितलं, "तपासली. मीठ चढलंय."

जमीन विकली. माझ्या वाट्यात खोली आली, खोली विकून पुढे बोईसरलाच हा फ्लॅट आला. भावाचा वाटा घर शाकारण्यात आणि वडिलांच्या आजारपणात गेला. तो गावीच, कुंभवलीला राहिला आणि ठेकेदाराकडे गोण्या उचलायला लागला. खाऱ्या जमिनीत शेती करायला निघाला होता म्हणून लग्नाकार्यात पंगतीला बसला की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय रे, मिठाची वांगी लागली का यंदा?" लोक हसायचे. मीही हसायचो. हसण्यात मी कधी मागे राहिलो नाही.

यंदा दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीत किल्ल्यांची स्पर्धा जाहीर झाली. मुलं जागा धरू लागली, विटा आणि गोणपाटं जमा होऊ लागली. मी सेक्रेटरींकडे जाऊन नाव दिलं.

"काका, तुम्ही? नातवासाठी का?"

"नातू पुण्याला शिकायला आहे. माझ्यासाठी. आणि किल्ला नाही, शेत करणार."

"अहो, स्पर्धा किल्ल्यांची आहे. शेतात महाराज कुठे बसवणार?"

"महाराजांच्या राज्यात शेतं नव्हती का?"

ते हसले. पुढे म्हणाले, जिन्याखाली जागा शिल्लक नाही. मी म्हटलं, मला जिन्याखालची जागा नकोच आहे. माझं स्वतःचं पार्किंग आहे, गाडी नाही. इतकी वर्षं तिथे शेजाऱ्यांच्या पाहुण्यांच्या मोटारसायकली लागतात, तेव्हा कुणी मला विचारलेलं नाही. ते पार्किंग कुठल्या पैशातून आलं ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते मला माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

जुना दरवाजा विटांवर आडवा टाकला आणि कामाला लागलो. माप ठरवलं: एक काडेपेटी म्हणजे माणसाला राहायची एक खोली. त्या मापाने म्हैस खारकेएवढी. म्हशी एम-सीलच्या वळल्या आणि काळ्या रंगवल्या. चारच केल्या, कारण वरच्या माळाचं गवत पाचवीला पुरलं नसतं. माळावर काथ्या पिंजून चिकटवला. त्याखाली मोगऱ्याच्या ओळी, त्याखाली भाताची खाचरं, मातीचे बांध घालून. विहीर बामच्या बाटलीच्या झाकणाची. भाताच्या खाचरांशेजारी मी एक तुकडा कोळशाच्या भुकटीने काळा केला. तो राब. रोपं टाकण्याआधी जिथे पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, ती जागा. सोसायटीतले अर्धे लोक घाटावरचे. सगळ्यांनी विचारलं, काका, इथे आग लागली का?

मोगऱ्याला कळ्या म्हणून साबुदाणे लावले होते. सकाळी पाहतो तर पहिली तोडणी मुंग्यांनी केलेली. बायको म्हणाली, "अहो, निदान गिऱ्हाईक तरी लागलं."

ती थट्टा करत होती, पण खरी गोष्ट गिऱ्हाइकाचीच होती. हे शेत मी मनाने रचलं नव्हतं. हा सगळा धंदा माझ्या भावाने तेव्हा, विशीत असताना, वडिलांना अंगणात बसून समजावला होता. काटकीने जमिनीवर रेघा मारून. वडील म्हणत, कारखाने आले, शेती संपली. तो म्हणे, कारखाने आले म्हणजे गिऱ्हाईक दारात आलं. हजारो माणसं खोल्या घेऊन राहतात, चौघं चौघं एका खोलीत, घरची बाई गावाला. त्यांना दूध कोण देणार? त्यांना जुडी नको असते, एका माणसाला पुरेल एवढी भाजी हवी असते. कारखान्याची पाळी सुटते तिथे बसच्या थांब्यावर सकाळी भाजी न्यायची, संध्याकाळी दूध. भात काढला की त्याच ओलीवर वाल. मोगरा गाडीने मुंबईला. गवत व्यापाऱ्याला. एक बुडालं तर दुसरं हात देईल. मी बाजूला बसून ऐकत होतो. मी स्वतः तेव्हा बोईसरला शिळी वांगी विकत घेऊन खात होतो. तो बरोबर बोलतोय हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं.

म्हणून माझ्या शेताच्या कडेला काडेपेट्यांची चाळ आहे, बसचा थांबा आहे, एक रिक्षा आहे आणि भाजीची हातगाडी आहे. मुलं म्हणाली, आजोबा, शेतात रिक्षा नसते. मी म्हटलं, या शेतात असते.

माती मात्र मला तिथलीच हवी होती. आमच्या जमिनीवर आज गोदाम आहे. रिक्षा करून गेलो. फाटकावरच्या वॉचमनला सांगितलं, थोडी माती पाहिजे. तो म्हणाला, "मिट्टी? ले जाओ चाचा, कौन पूछता है." ट्रक उभे राहतात त्याच्या कडेने खुरप्याने खरवडून पिशवी भरली. माती कसली, विटांचे तुकडे, खडी आणि काळपट भुगा. तरी आणली, चाळली, खाचरांत भरली आणि भात म्हणून अळीव पेरलं.

चार दिवसांत सगळ्या किल्ल्यांच्या उतारांवर हिरवळ आली. माझी खाचरं तशीच. पाणी घालून घालून वर पांढरट साय धरली.

मुलगा कोळगावला सरकारी कचेरीत आहे. सुट्टीला आला, मी खाली शेतापाशी होतो तिथे येऊन सगळं पाहून जवळजवळ आनंदाने म्हणाला, "बाबा, बघा! तुम्ही म्हणत होता ते खरंच निघालं. काही उगवत नाही त्या मातीत."

खारी जमीन हे माझं खोटं होतं ते मी त्याला गेल्या वर्षी, दवाखान्यातून घरी आल्यावर, सांगितलं होतं. तेव्हापासून तो मला त्यातून सोडवायला बघतोय. मुलगा चांगला आहे. आणि खरं सांगतो, क्षणभर मला मोह झाला. माती समोर होती, उघडीबोडकी. सेक्रेटरी आणि त्यांची बायकोही उभी होती. मी नुसता गप्प बसलो असतो तरी काम झालं असतं. माझं खोटं इतक्या वर्षांनी आपल्या पायांनी चालत येऊन खरं व्हायला तयार होतं.

"ती आम्ही विकल्यावर मेली," मी म्हटलं. "त्याआधी तिच्यात भात होता. वाल होता. मी खाल्लाय."

"पण बाबा, आता कोण विचारतंय?"

"कोणी विचारत नाही, म्हणूनच."

किल्ल्याला नावाची पाटी असते. कुणाची रायगड, कुणाची सिंधुदुर्ग. मी एक फळकुट घेतलं आणि खडूने लिहिलं: "माझ्या धाकट्या भावाचं शेत. जमीन खारी नव्हती. तसं मी खोटं सांगितलं." खाली नाव घातलं आणि फ्लॅटचा नंबर.

मुलाने ती पाटी दोनदा उचलून जिन्यामागे ठेवली. मी दोनदा परत लावली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "लोक काय म्हणतील याचा विचार केलात?" मी म्हटलं, लोक माझ्या भावाला काय म्हणाले याचा मी इतकी वर्षं विचार केला नाही, आता माझ्याबद्दल काय म्हणतात त्याचा कशाला करू? शेवटी त्याने पाटीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कुणीतरी बाबांना समजवा.

समजवायला एकच माणूस आला. भाऊ, पाडव्याच्या सकाळी, सहाआसनी रिक्षातून. पायरीपाशी चप्पल काढली, जणू घरातच येतोय, आणि अनवाणी पार्किंगमध्ये आला. पाटी वाचली. त्याला वाचायला वेळ लागतो. मी शेजारी उभा होतो.

"तपासलीच नव्हती?" त्याने विचारलं.

"नाही. गटारात टाकली."

त्याने शेताखालच्या दरवाजाच्या कडेवर हात टेकला. मग म्हणाला, "मी तुझं खरं धरलं रे दादा. मला वाटलं, मलाच माती कळत नाय. त्याच्यानंतर मी परसात मिरचीचं रोप पण लावलं नाय. बायको बोलायची, एक तरी लाव. मी बोलायचो, आपल्या हाताला नाय ते."

मला वाटलं होतं मी त्याची जमीन घालवली. त्याचं नाव घालवलं, हेही धरलं होतं. हे तिसरं मला माहीतच नव्हतं. माफी मागितली तर तो ती देऊन टाकेल आणि प्रकरण मिटेल, एवढं माझ्या लक्षात आलं. म्हणून मागितली नाही. तसं काही मिटवायचा मला हक्क नाही.

तो शेताभोवती फिरला. वाकून पाहिलं, आणि एकदम आवाज चढला.

"गोठा वरच्या अंगाला कुणी बांधला?"

"मी."

"पावसात सगळं शेण-मूत इहिरीत जाईल. दूध विकायला निघालास, का रोग? आणि मोगरा रस्त्याला लागून? थांब्यावरची माणसं कळ्या ठेवतील काय? जाता जाता खिसे भरतील." त्याने एक म्हैस उचलून पाहिली. "शेपूट नाय हिला."

"तुझ्या वहिनीनेही तेच सांगितलं."

"मग? माश्या कशी हाकलंल?"

त्याने खाचरातली माती चिमटीत घेतली, वास घेतला. "डिझेल हाय. वरची काढून टाक. खालच्या मातीला राब लागंल."

"राब दिवाळीत?"

"शेतच खोटं हाय, रुत पण खोटी चालंल."

घमेल्यात माती, तिच्यावर समोरच्या बदामाचा पाला, गोठेवाल्याकडून आणलेलं सुकं शेण. कंपाउंडच्या भिंतीलगत ठेवून त्याने पेटवलं. धूर पहिल्या मजल्यापर्यंत गेला आणि सेक्रेटरी बनियनवरच खाली आले.

"काका, हे काय चाललंय? लहान मुलं आहेत इमारतीत!"

तेवढ्यात गेटपाशी लवंगीची माळ लागली. ती संपेपर्यंत आम्ही तिघं थांबलो. धुरात एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते.

"हा चालतो ना?" मी विचारलं. "मग हाही चालेल."

"हे नियमात बसत नाही."

"चार दिवस त्या फटाक्यांचा धूर मी दम्यासकट सोसलाय," मी म्हटलं. "एका घमेल्याचा तुम्ही सोसा."

भाऊ पाठ फिरवून हसत होता. तो मुद्दाम मला दिसेल असा हसत नव्हता, म्हणून मला बरं वाटलं.

स्पर्धेत शेताला काही मिळालं नाही. परीक्षकांनी नुसते फोटो काढले. बाकी किल्ले भाऊबीजेनंतर मोडले. माझं शेत आहे. सोसायटीने नोटीस दिली आहे की पार्किंगची जागा वाहनांसाठीच वापरावी. मी कळवलं आहे की शेतात एक रिक्षा उभी आहे.

भाऊ रविवारी येतो. गोठा त्याने खाली आणला, मोगरा आत घेतला, म्हशींना सुतळीची शेपटं लावली. कधी कधी काडेपेट्यांच्या चाळीकडे बोट दाखवून म्हणतो, या खोल्या वाढल्या तर दूध पुरायचं नाय, आणि आम्ही त्यावर भांडतो. राबाच्या मातीत अळीव आलं आहे. विरळ आहे, मधे मधे टकलं आहे. आलं नसतं तरी पाटी हलली नसती.

परवाच्या रविवारी पाणी घालताना तो पाटीपुढे थांबला. शिंतोडे उडून खडू ओघळला होता. "खारी"च्या पुढे, "नव्हती"च्या जागी, नुसता पांढरा डाग उरला होता. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे दादा, पुरे झालं. त्याने तसं म्हणावं अशी माझी इच्छाही होती, हेही लिहून ठेवतो.

"खडू नको," तो म्हणाला. "ऑइलपेंट आण. आणि अक्षर मोठं काढ. गेटवरून वाचता आलं पायजे."

डबा आणला आहे. काळा. ब्रश त्याने मोठ्या अक्षराच्या मापाचा निवडला, जाड.