लाल बटणावरचं झाकण

मुलुंडच्या एका केमिकल कारखान्यात मी नवं कंट्रोल पॅनल बसवायला गेलो होतो. गिरण्या बंद पडल्या त्यानंतरची गोष्ट. पॅनलसमोर बसणारा ऑपरेटरही गिरणीतूनच आलेला, मालवणकडचा. त्या दुपारी गॅसचा काटा एकदम चढला आणि त्याने लाल बटण दाबून अख्खा प्लांट बंद केला. शोधलं तर गळती कुठेच नव्हती, नवा काटाच चुकला होता. तयार होत आलेला माल मात्र सगळा फुकट गेला.

"गेली रे माजी ही पण नोकरी," तो पुटपुटला.

तेवढ्यात मॅनेजर साहेब आले. ठेंगणे, बाह्या दुमडलेल्या. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते खुर्चीत बसलेच नाहीत. खिडकीशी जाऊन भिंतीपलीकडच्या चाळीकडे बघत राहिले. तिथे पोरं क्रिकेट खेळत होती.

फोन वाजला. पलीकडचा आरडाओरडा मलासुद्धा ऐकू येत होता.

"हो सर, प्लांट मी बंद केला," ते शांतपणे म्हणाले.

फोन ठेवल्यावर सुपरवायझर पुढे झाला. "साहेब, बटणावरच्या झाकणाला कुलूप लावू या ना. किल्ली माझ्याकडे ठेवतो."

साहेबांनी माझ्यापुढे हात केला. मी स्क्रू ड्रायव्हर दिला. त्यांनी स्वतः ते झाकण काढलं, खिशात टाकलं आणि ऑपरेटरकडे वळले.

"शंका आली की दाबायचं. परत चुकलास तरी दाब. मला विचारत बसू नकोस."

मी उभाच होतो, तरी मला उठून उभं राहावंसं वाटलं.