विंगेतून दिलेला शब्द

सांगलीच्या हौशी नाटकवाल्यांत चारुशीलाला विचारल्याशिवाय तालमीची तारीख ठरत नसे, आणि तरी प्रेक्षकांपैकी कुणी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ती प्रॉम्प्टर. विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी, मांडीवर संहिता घेऊन बसायची. नट अडखळला की त्याचा पुढचा शब्द असा अलगद कानात सोडायची की पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं, ह्याचं ह्यालाच आठवलं.

शाळेतली नोकरी, घर आणि तालीम, एवढ्यात तिची विशी-तिशी-चाळिशी गेली होती. हाताखाली येणाऱ्या नव्या पोरींना ती एकच गोष्ट घोकून घ्यायची.

“नट गप्प झाला की पुस्तकात बघू नका. त्याचे डोळे बघा. डोळे भिरभिरतायत तर विसरलाय बिचारा, द्या शब्द. डोळे एका जागी असतील तर तो पॉज आहे, मुद्दाम घेतलेला. पॉजमध्ये शब्द टाकलात तर त्याच्या ताटात हात घातल्यासारखं आहे ते.”

हळू बोलायची तिला इतकी सवय झाली होती की वर्गातली मागच्या बाकावरची मुलं ओरडायची, “बाई, ऐकू येत नाही!”

लहानपणी असं नव्हतं. आठ वर्षांची असताना आईनं तिला साताऱ्याहून सांगलीला मावशीकडे पाठवलं, तेव्हा मावशी आल्यागेल्याला सांगायची, “साताऱ्याचा भोंगा आलाय बाई आमच्याकडे! पोटात काही राहत नाही कार्टीच्या.” मग भोंगा हळूहळू बंद पडला. कुणी दटावलं असं नाही. दुसऱ्याच्या घरात मूल आपणहूनच आवाज उतरवतं.

धाकटा भाऊ साताऱ्यातच राहिला. तिला तेवढं पाठवलं. का, ते कुणी सांगितलं नाही. मावशी म्हणायची, “शिक्षणासाठी गं.” साताऱ्यात काय शाळा नव्हत्या? सुट्टीत घरी गेलं की वडील पेपरामागं असायचे आणि आई तिच्या ताटात जास्तीचं तूप वाढायची. तुपानं उत्तर मिळत नाही. पुढं वडील गेले, भाऊ पुण्याला गेला आणि गेल्या दिवाळीत आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाक्यं अर्ध्यावर अडकायला लागली. प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाला तोंड फुटलं ते विष्णुपंतांच्या गच्चीवर. विष्णुपंत मराठीचे निवृत्त मास्तर. वैशाखात ऊन उतरलं की त्यांच्या गच्चीवर वाचक मंडळ जमायचं. त्या दिवशी त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि जाहीर केलं, “रविवारपासून अधिक ज्येष्ठ लागतोय. घरोघरी बायका नेम धरतील. कुणी मीठ सोडेल, कुणी मौन धरेल. मंडळानंही एक नेम धरावा म्हणतो. महिन्यात कुणीतरी एक कादंबरी लिहायची. प्रतिपदेला पहिलं पान, अवसेला शेवटचं.”

“आणि उद्यापन?” कुणीतरी विचारलं.

“इथं बसून वाचायची.”

“बरी नसली तर?”

“वाईट चालेल. अर्धी चालणार नाही.”

लालासाहेब म्हणून एक गृहस्थ मंडळात होते. थट्टा केल्याशिवाय त्यांना पन्हं पचत नसे. “चारुताई, तुम्हीच लिहा की. तुम्हाला काय अवघड? सगळी नाटकं तोंडपाठ! ह्याची दोन वाक्यं, त्याची चार, वर थोडी कोथिंबीर.”

सगळे हसले. चारुशीलाही हसली. आणि हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं, “लिहिणार.” ते इतकं मोठ्यानं आलं की शेजारच्या गच्चीवर वाळवण राखणारी बाई वळून बघायला लागली. विष्णुपंतांनी हात पुढं केला. चारुशीलानं त्यावर तबकातली सुपारी ठेवली. शब्द दिला गेला.

घरी अवधूत, तिचा नवरा, म्हणाला, “अधिकात जावयाला अनारसे देतात. आमच्या वाट्याला कादंबरी?”

“अनारशापेक्षा टिकेल.”

“खुसखुशीत तरी कर म्हणजे झालं. कशावर लिहिणार?”

“आईनं मला का पाठवलं, त्यावर.”

अवधूतनं पेपर खाली घेतला. “ते तुला माहीत आहे?”

“नाही. महिना लागायच्या आत विचारून येते.”

“इतकी वर्षं विचारलं नाहीस.”

“इतकी वर्षं लिहायचं नव्हतं.”

हे तिनं झोकात म्हटलं खरं, पण लगेच साताऱ्याला निघाली नाही. आधी तयारीला लागली. महिना मोकळा पाहिजे म्हणून कुरडया घाईनं उरकल्या, वर्षाचं तिखट कुटून आणलं, कपाटातले चांगले कोरे कागद काढून ठेवले, पेनात शाई भरली, परत काढली, परत भरली. आणि गुरुवारी साताऱ्याच्या एसटीत बसली.

आईकडे बनाबाई असायच्या, वडूजकडच्या. रात्रंदिवस तिथंच राहून आईचं सगळं करायच्या. दार उघडताच म्हणाल्या, “या ताई. म्हातारी कवाधरनं दाराकडं बघतीया.”

“बोलते का आता?”

“बोलत्यात की. पर लय येळ लावत्यात. आन मधीच गप हुत्यात, मग आपुन बसायचं तोंडाकडं बघत.”

आई खिडकीशी खुर्चीत होती. चारुशीलानं वाटीत खोबरेल घेतलं, खाली बसली आणि तिचा लुळा हात मांडीवर घेऊन चोळायला लागली. हात चोळता चोळता विचारणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. पण काही सोपं गेलं नाही. बोटांपासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून बोटांपर्यंत तेल जिरलं, मग ती म्हणाली, “आई, मला मावशीकडे का पाठवलंस गं?”

वर पंखा कुरकुरत होता.

“तुला...” आई म्हणाली.

“हं.”

“तुला... पाठवलं... कारण तू...”

आणि थांबली. चारुशीला हातातल्या हाताकडे बघत राहिली. ती शांतता तिच्या ओळखीची होती. मावशीच्या माजघरात, सुट्टीतल्या ताटावर, लग्नाच्या मांडवात, हीच शांतता तिनं ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या जागी एकच शब्द मनाशी ठेवला होता. तो आत्ता ओठांवर आला. विंगेतल्या त्या अर्ध्या आवाजात ती म्हणाली, “...जड झाले होते?”

“जड...” आई म्हणाली.

“जड झाले होते ना मी?”

आईची मान हलली.

चारुशीला मोरीत जाऊन नळ सोडून रडली. खोटं कशाला, त्या रडण्यात थोडा आनंदही होता. कादंबरीचं पहिलं वाक्य सापडलं होतं.

निघताना आईनं डाव्या हातानं तिचा पदर धरला आणि काही केल्या सोडेना. शेवटी बनाबाईंनीच एकेक बोट उकललं. “सोडा आवं, गाडी चुकंल त्यांची.”

शुक्रवारी आराखडा झरझर उतरला. कठोर आई, नकोशी लेक, मधे कृष्णाकाठ. इतका झरझर, की तिलाच वाटलं, हे आपण लिहितोय की कुठलीतरी संहिता उतरवून काढतोय? पण थांबायला वेळ कुठं होता? शनिवारी ती कागद घेऊन विष्णुपंतांकडे गेली आणि आराखड्याची सुरुवात वाचून दाखवली. विष्णुपंतांनी डोळे मिटून ऐकली.

“छान. ‘जड झाली होतीस.’ घाव बसतो. तुझ्या आई म्हणाल्या असं?”

“म्हणाली. म्हणजे, ती मधेच अडली. मी शब्द दिला, तो तिनं उचलला.”

“हं,” विष्णुपंत म्हणाले आणि पुढचं ऐकायला परत डोळे मिटले.

पुढचं आलंच नाही. त्यांनी डोळे उघडले तर चारुशीला कागद उलटे धरून बसली होती.

“काय गं? बरं वाटत नाही का?”

“डोळे,” ती म्हणाली. “मास्तर, मी तिचे डोळे बघितलेच नाहीत. हाताला तेल लावत होते.”

तिथून ती सरळ कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. साताऱ्याचा फोन बनाबाईंनी उचलला.

“बरं झालं ताई फोन क्येला. तुमी गेल्याधरनं म्हातारी लय बिघडलीया. घास घीना झालीया. चमचा म्होरं क्येला की मान हलवतीया नुसती.”

“मान कशी हलवते, बनाबाई? हो म्हणून, का नाही म्हणून?”

“आता काय सांगू? त्या दुखण्यापासनं मान सरळ हलतीया व्हय? वाकडीच हलती. व्हय बी तशीच आन न्हाई बी तशीच. मी आपली डोळ्यांत बघती आन वळखती.”

बूथवाल्यानं दोनदा विचारलं, “झालं का बाई?” तेव्हा तिनं फोन ठेवला.

रविवारी, प्रतिपदेला, सांगलीत नेम धरणाऱ्या बायका नदीवर अंघोळीला निघाल्या तेव्हा चारुशीला चपला घालत होती. टेबलावर कोरे कागद होते.

“आज पहिलं पान ना?” अवधूत म्हणाला.

“हो.”

“मग निघालीस कुठं?”

“पहिलं वाक्य परत करायला.”

त्यानं थट्टा केली नाही. एवढंच म्हणाला, “पाण्याची बाटली घे. ऊन आहे.”

कराडपर्यंत ती ठरवत होती काय बोलायचं ते. कराडनंतर तिनं ठरवणं सोडलं. ठरवलेली वाक्यंच नडली होती.

या वेळी तिनं तेलाची वाटी घेतली नाही. स्टूल ओढलं आणि आईच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. आईनं तोंड फिरवलं.

“रागव,” चारुशीला म्हणाली. “गुरुवारी मी मधेच बोलले. तुझं वाक्य तू म्हणत होतीस, मी माझं घुसडलं. आता तुझं तू म्हण. मी शब्द देणार नाही.”

आई वळली. बघायला लागली.

“तू...” आई म्हणाली, आणि थांबली.

चारुशीलाच्या जिभेवर शब्दांची रांग लागली. नकोशी. हट्टी. ओझं. आयुष्यभराची सवय ती, जीभ आपोआप वळवळत होती. तिनं ती दातांत धरली. बनाबाई चहा घेऊन आल्या, दारात काहीतरी बोलणार होत्या, दोघींकडे बघून तशाच मागं वळल्या. आईचे डोळे हलले नव्हते. भिरभिर नव्हती. एका जागी होते, चारुशीलाच्या तोंडावर.

“तू... बोलायचीस.”

चारुशीलाची जीभ अजून दातांतच होती.

“मोठ्यानं.” परत थांबणं. “पूजेला... माणसं होती.”

पूजा. सत्यनारायण. प्रसादाचे द्रोण, वडिलांच्या कचेरीतली माणसं ओळीनं बसलेली. ही पूजा तिला आठवत होती, पण नेहमी द्रोणापाशी येऊन आठवण संपायची. आत्ता ती पुढं गेली. वाढायला वाकलेली आई, पाठीवरून सरकलेला पदर. आणि एक खणखणीत, लहान मुलीचा आवाज, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलेला: “अय्या, आईच्या पाठीवर काठीचे वळ बघा किती!”

सगळ्यांनी आपापल्या द्रोणात बघितलं होतं.

“रात्री... ह्यांनी काठी...” आईनं डावा हात उचलला. तो हळूहळू वर आला आणि त्याचं बोट चारुशीलाच्या ओठांवर टेकलं. “तुझ्या...”

पुढं शब्द आला नाही. आला नाही तरी चाललं. काठी आता लेकीवर उठली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीत बसवताना आईनं तिचा चेहरा झाकेल अशी डोक्यावरून शाल पांघरली होती आणि ती म्हणत होती, आई, उकडतंय गं. हेही आत्ताच आठवलं.

चारुशीलाला वाटलं होतं, उत्तर मिळालं की मोकळं वाटेल. मोकळं कसलं? तिला गाडीत बसवून आई परत त्याच घरात गेली होती. वळ बघा म्हणून ओरडणारं एकच माणूस होतं घरात, तेही सांगलीला गेलं. आणि तिथं जाऊन कुजबुजायला शिकलं.

“आणि तू?” तिनं विचारलं. विंगेतला आवाज नव्हता तो. स्वयंपाकघरात बनाबाईंच्या हातातली ताटली वाजली. “मी गेल्यावर तुझं काय झालं, आई?”

आईनं बोट काढून घेतलं. हात मांडीवर ठेवला. डोळे तसेच, एका जागी.

दुपार झाली. बनाबाईंनी भात कालवून आणला. आईनं दोन घास घेतले, तिसऱ्याला मान हलवली. चारुशीलानं डोळ्यांत बघितलं आणि ताटली बाजूला ठेवली.

“ताई, वस्तीला हायसा का सांच्याला जानार?”

“महिनाभर आहे. शाळेला सुट्टीच आहे. अवधूतना फोन करून कागद मागवून घेते.”

“महिनाभर?” बनाबाई हसल्या. “येवडं काय बोलनार हाय म्हातारी? दिसाला दोन शब्द.”

“चालतील.”

पण अर्धी चालणार नाही, असं ठरलं होतं. आणि दिवसाला दोन शब्द, तेही आले तर. मधल्या जागा भरायला लाख शब्द तिच्याजवळ होते, दुसऱ्यांचे, घोटून घोटून पाठ झालेले. त्यातला एकही चालणार नव्हता.

तिनं किराण्याच्या पुडीचा एक कागद सरळ केला. वर लिहिलं: तू बोलायचीस. मोठ्यानं. त्याखाली आपला प्रश्न लिहिला: मी गेल्यावर तुझं काय झालं? मग पेनाला टोपण लावलं, स्टूल परत जवळ ओढलं आणि आईच्या डोळ्यांकडे बघत बसून राहिली.