टीव्हीखाली बसणारी आय

माझ्या सासूबाई टीव्ही बघायच्या त्या टीव्हीच्या खाली बसून. भिंतीवर टीव्ही, त्याच्या बरोबर खाली भिंतीला टेकून सासूबाई, पुढ्यात सुपात सुकट निवडायला घेतलेली आणि तोंड आमच्याकडे. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला वाटलं, यांची मान दुखत असेल. चार दिवसांनी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "मना भ्या वाटतं त्या पडद्याचं. तिथं काय चाललंय ते तुमच्या तोंडावरनं समजतं की. मारामारी आली की हेमंत दात खातो, रडायचं आलं की प्राची नाक ओढते. तू तर जाहिरातीलापण हसतेस." हेमंत माझा नवरा, प्राची त्याची कॉलेजात जाणारी बहीण. गावात सगळे सासूबाईंना आय म्हणायचे. मीही म्हणू लागले आणि आय म्हटल्यावर अहोजाहो आपोआप गळून पडलं.

आय किती घाबरायची याला काही धरबंधच नव्हता. पालघरच्या दवाखान्यात लिफ्टचं दार उघडलं की ती जिन्याकडे वळायची. अनोळखी नंबरचा फोन आला की त्यावर टॉवेल टाकून ठेवायची. कंपन्यांच्या बाजूने वारा सुटला की दारात येऊन नाक वर करायची आणि म्हणायची, "वास बदलला. खिडक्या लावा." मग भर उकाड्यात आम्ही सगळे बंद घरात घाम पुसत बसायचो. मी मासवणची, भातशेतीतली. आमच्याकडे माणसं सापाला भितात, तेही तो दिसला तर. न दिसणाऱ्या गोष्टीला एवढं भिणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं. कोळगावच्या कचेरीत दिवसभर मान मोडून घरी यावं आणि बघावं तर खिडक्या बंद, पंखा गरम हवा फेकतोय. मी वैतागायचे, फटकन बोलायचे. ती मुळीच रागवायची नाही. "बोल तू," म्हणायची, "घरात एक तरी भ्यालेलं माणूस लागतं."

या भीतीमागे सासऱ्यांची गोष्ट होती. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी त्यांची बोट वादळात उलटली. ते जाळ्याला लावलेल्या एका पोकळ बोयाला धरून तरंगत राहिले आणि दुसऱ्या बोटीने त्यांना उचलून आणलं. माणूस जिवंत परत आला, पण तिथं काय झालं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. जेवता जेवता त्यांचा हात मध्येच थांबायचा, भांडं पडलं तर पाय आखडायचे. आय समोर बसून ते बघत राहायची. पुढे ते काविळीने घरातच गेले, पण आयने तोवर ठरवून टाकलं होतं की हेमंतला दर्यावर पाठवायचं नाही. तो सुट्टीत मामाच्या बोटीवर जायला तडफडायचा. आयने आपल्या सख्ख्या भावाच्या, काशिनाथमामाच्या दारात जाऊन शपथ घातली, की याला बोटीला हात लावू देशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मग हेमंत तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला. आयला कोण आनंद. "डोक्यावर छप्पर हाय, पायाखाली लादी हाय," ती शेजारणींना सांगायची, "लादी बुडत नाय."

त्या वर्षी प्राचीने कुठून तरी एक जाडजूड ग्राफिक नॉव्हेल आणलं. लाल-काळी चित्रं, शब्द कमी. एका केमिकल कारखान्यातला कामगार स्फोटात सापडतो आणि त्याच्या अंगात आग गिळायची ताकद येते, अशी गोष्ट. ती ते घेऊन जेवायला बसायची, आमटीचे डाग पडले तरी सोडायची नाही. मग त्याच्यावरचा सिनेमा आला, हिंदीत डब होऊन बोईसरला लागला आणि तिने आम्हा सगळ्यांची तिकिटं काढली. आय म्हणाली, मी नाय येत. प्राची म्हणाली, "तू पिक्चर नको बघूस. आमची तोंडं बघायला चल." यावर आय हसली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाली.

थिएटर कंपनीवाल्यांनी खचाखच भरलं होतं. आय कडेच्या खुर्चीत आडवी बसली, गुडघे आमच्याकडे, पाठ पडद्याकडे. तिच्या शेजारी हेमंत, मग मी, मग प्राची. मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "मौसी, पिक्चर उधर है." आय म्हणाली, "तुमी बगा तिकडं, मी तुमाला बगते." सगळी रांग हसली.

सिनेमातला कारखाना पडद्यावर आला मात्र, लोकांना राहवेना. तिथे बसलेला प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या प्लांटवरून आलेला. हिरो हेल्मेट न घालता जिना चढला तशी आरोळी उठली, "इसका गेट पास काटो!" प्रेशरचा काटा लाल रेघेच्या पुढे गेला आणि हिरो वरचं झाकण उघडायला धावला, तर अर्धं थिएटर ओरडायला लागलं. "अबे, पहले स्टीम बंद कर!" "मैनहोल ऐसे कौन खोलता है?" "भाग, भाग!" मी पोट धरून हसत होते. मग स्फोट झाला. खुर्च्या हादरल्या. एवढा वेळ ओरडणारी माणसं एका झटक्यात गप्प झाली. माझ्या पुढच्या माणसाने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला होता, हे मला स्पष्ट आठवतं. पडद्यावरच्या धुरासाठी. मला त्या वेळी त्याचंही हसू आलं. आगीतून हिरो हसत हसत उठला, शिट्ट्या सुरू झाल्या आणि प्राची माझ्या कानाशी कुरकुरली, "वहिनी, वाट लावली यांनी. पुस्तकात तो हसत नाही गं. पुस्तकात तो एवढा घाबरलेला असतो की त्याला उभंच राहता येत नाही."

मी तिच्याकडून मान वळवली तेव्हा आय उठून उभी होती. तिने हेमंतच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे वळून पडद्याकडे पाहिलं. पडदा नुसता पेटलेला होता. तिने तो नीट बघितला, मग पुन्हा हेमंतकडे वळली आणि म्हणाली, "ऊठ. बाहेर चल." मागचे ओरडत होते, मौसी बैठो. हेमंत उठला, तेव्हा मला दिसलं की त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटलाय आणि पायांत चपला नाहीत. पळायच्या तयारीत असल्यासारखा तो कधीपासून चपला काढून बसला होता. मी इतकी जवळ बसून मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

बाहेर एक मुलगा मोबाइल आणि माईक घेऊन उभा होता. हल्ली असतात ना, सिनेमा कसा वाटला ते विचारून व्हिडिओ टाकणारे. त्याने धावत येऊन माईक आयच्या तोंडापुढे धरला. "आजी, अर्ध्यातच आलात? पिक्चर कसा वाटला?"

आय म्हणाली, "पिक्चर नाय बघितला मी. माझा पोऱ्या बघितला. ह्याच्या बापाचं तोंड हाय त्याला."

माईकवाल्या मुलाला त्यातलं काही कळलं नाही. त्याने तो व्हिडिओ हसणारी चित्रं चिकटवून टाकला आणि पुढे महिनाभर पाम गावापासून बोईसरपर्यंत लोक आम्हाला ते दाखवून हसत होते.

हेमंत थिएटरच्या पायरीवर बसला. आय त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "कधी झालं?" काय झालं, असं तिने विचारलंच नाही. त्याने हातात आणलेल्या चपलेचा अंगठा घट्ट धरला. मग बोलला. पावसाळ्याआधी त्याच्या प्लांटमध्ये असंच प्रेशर चढून झाकण उडालं होतं. तो नुकताच जिना उतरून खाली आला होता, वर त्याच्याबरोबरचा रामबचन होता. हेमंतने त्याला खाली आणला, स्वतःचा शर्ट काढून त्याच्या भाजलेल्या अंगाला गुंडाळला. रामबचनला पुढे त्याच्या गावी नेलं आणि आता त्याचा फोन लागत नाही. त्या दिवशी हेमंत दुसऱ्याचा शर्ट घालून घरी आला होता, ते मला आठवलं. माझा फाटला, एवढंच तो म्हणाला होता. मी तो शर्ट धुऊन, इस्त्री करून परत पाठवला होता.

"आणि तू रोज जातोस तिथं?" मी विचारलं.

"त्याच जिन्याने," तो म्हणाला. "वर गेलो की पाय उचलत नाय गं." मग प्राचीकडे बघून म्हणाला, "तुझं पुस्तक बरोबर हाय. असा कोणी हसत नाय उठत."

त्यानंतरचे दिवस मला अजून नको वाटतात. हेमंत ड्युटीवर गेला की आता मीही वाऱ्याकडे नाक करायचे. भोंगा वाजला की हातातलं काम सुटायचं. मोठ्या गाडीचं टायर फुटलं तरी आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचो. आयने जेवण टाकलं होतं. नुसत्या पेजेवर दिवस काढायची. मग एका सकाळी मला म्हणाली, "चल माझ्यासंगती," आणि तरातरा काशिनाथमामाच्या घरी गेली. मामा ओट्यावर जाळं सांधत होता.

"हेमंतला बोटीवर घे," आय म्हणाली.

मामाने सुई खाली ठेवली. "तूच ना शपथ घातलीस?"

"घातली. आता काढायला आले."

"म्हणजे दर्याचं भ्या गेलं तुझं?"

"कुठं जातंय. तुझ्या दारात उभी हाय तर पाय लटलटतात बग माझे." आणि खरंच लटपटत होते, मी तिला धरून उभी होते. "पण दर्याचं भ्या माझ्या ओळखीचं हाय रे. वारा सुटतो, ढग दिसतो. बोटीवर तुमी सगळी घरची माणसं, एक पडला तर दुसरा हाक मारेल. त्या जिन्यावर माझ्या पोऱ्याला कोण हाक मारणार?"

मामा उठला. आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

हेमंतने कंपनी सोडली. बोटीवरून तो पहिल्यांदा परत आला तेव्हा उन्हाने रापला होता, हात सोलवटले होते आणि तो पडल्या पडल्या घोरायला लागला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला असा झोपलेला बघत होते. आयची झोप मात्र उडाली ती उडालीच. बोट बाहेर असली की तिला अन्न जायचं नाही. प्राचीने तिला मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा बघायला शिकवला आणि मग तिने आमचं डोकं उठवलं. जोराच्या वाऱ्याचा जांभळा रंग दिसला की मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात यायची. "हे काय हाय? हे इकडं सरकतंय काय?" मी म्हणायचे, "आय, अगं तो गुजरातकडे चाललाय." तरी तिचं समाधान व्हायचं नाही. पण हेमंतपुढे तिने कधी यातलं अक्षर काढलं नाही. तो निघाला की डबा भरून द्यायची आणि "नीट जा" म्हणायची. तो दिसेनासा झाला की मागच्या दारी जाऊन ओकायची. हे फक्त मला माहीत होतं.

ती गेली तेव्हाही बोट बाहेर होती. छातीत पाणी झालं होतं, बोईसरच्या डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. वारा उलटा फिरला होता, समुद्र खवळलेला. घरात नातेवाईक जमले. चुलतसासरे म्हणाले, एकुलता एक मुलगा आहे, मच्छीमार सोसायटीतून वायरलेसवर निरोप द्या, अजून वेळ आहे. मी चपला घातल्या. आयने मला जवळ बोलावलं.

"नको कळवू त्याला."

"आय, असं कसं चालेल?"

"वारा बग बाहेर. आय चालली म्हटल्यावर तो बोट दामटवत येईल. खाडीच्या तोंडाशी पाणी किती हाय तेपण बघणार नाय. सगळ्यांना घेऊन बुडेल." बोलता बोलता तिला दम लागला. मी तिचे हात चोळत होते, ते बर्फासारखे गार पडले होते.

मी रडत रडत विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. लय वाटते," ती म्हणाली. "मना कोणीतरी धरून बसा. पण हे भ्या माझं हाय, त्याला कशाला देऊ?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि बोटीवरनं आल्या आल्या त्याला उपाशी पोटी काय सांगू नको. आधी जेवू घाल."

मी चपला काढल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली. मी आणि प्राची दोन्ही बाजूंनी तिला धरून बसलो होतो. प्राचीने अग्नी दिला. चुलतसासरे माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. मुलाला आईचं शेवटचं तोंड दाखवलं नाही, असं गावात बऱ्याच जणांनी म्हटलं आणि ते खोटं नव्हतं.

वारा पडल्यावर बोट आली. बंदरावर मी सगळ्यांना हात जोडून सांगून ठेवलं होतं, कोणी काही बोललं नाही. हेमंत घरी आला, अंघोळ करून ताटावर बसला. सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही. शेजारून आलेला भात आणि वरण मी त्याला वाढलं. त्याने ताटाकडे पाहिलं. बोटीवरून आलेल्या माणसाच्या ताटात मासळी नाही, आणि पातेल्यावर शेजारच्यांचं नाव.

"आय कुठं हाय?" त्याने विचारलं.

"जेव आधी," मी म्हटलं.

त्याने परत विचारलं नाही. मान खाली घालून तो जेवत राहिला. मध्ये एकदा घास अडकला, पाणी प्यायला, पुन्हा जेवू लागला. ताटातलं शीतन् शीत संपवलं. मग हात धुतला, माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "सांग आता."