न सुटलेल्या गाठीची प्रस्तावना

आमच्या जिल्ह्यात पहिलं पुस्तक काढायचं तर आधी प्रस्तावना लागते. पुस्तक कसंही असो, मोठ्या माणसानं चार पानं लिहून दिली की ते साहित्य होतं. मोठा माणूसही ठरलेला. वाशीमचे एक निवृत्त प्राचार्य. त्यांच्या प्रस्तावनांचा पहिला परिच्छेद मला तोंडपाठ आहे. त्यात लेखकाचं नाव तेवढं बदलतं.

माझी कादंबरी दोन जावांची. एकाच अंगणात राहतात, एकाच नळाचं पाणी भरतात आणि अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. रिसोडला ज्युनिअर कॉलेजात शिकवता शिकवता मी ती लिहिली. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, त्यामुळे साहित्यात कुणाच्या पाया पडायचं असतं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. ते अकोल्याच्या प्रकाशकानं सांगितलं. "मॅडम, छापतो मी. फक्त सरांची प्रस्तावना आणा. नाहीतर नवीन माणसाले कोण विचारते?"

गठ्ठा घेऊन वाशीमला निघाले. एसटीत पानं विस्कटतील म्हणून आईनं तो फडक्यात बांधला आणि वरून सुतळीनं बियाण्याच्या पोत्याला मारते ती गाठ मारली. ती गाठ सुटत नाही, कापावीच लागते.

सरांनी गठ्ठा टेबलावर ठेवून घेतला, "निवांत वाचतो" म्हणाले आणि पाऊण तास स्वतःच्या सत्कारांबद्दल बोलले. चहा एकट्यानंच घेतला. पुढच्या सात महिन्यांत मी पाच खेपा घातल्या. दरवेळी तेच, "अहो, झपाटून गेलोय तुमच्या लिखाणानं." मी मूर्ख, परतीच्या बसमध्ये ते वाक्य घरापर्यंत चघळत यायची.

आठव्या महिन्यात प्रस्तावना मिळाली, गठ्ठाही परत मिळाला. घरी आईनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला.

"हे त माहीच गाठ व्हय."

"त्यांनी परत बांधली असंन."

"अशी गाठ त्या मास्तराले येते काय? सुतळी कापल्याबिगर हे उघडतच नाई, बाई. त्यानं हातच नाई लावला."

मी प्रस्तावना वाचून दाखवली. मी म्हणे शेणामातीत उमललेलं रानफूल. माझी प्रतिभा म्हणे आईच्या जात्यावरच्या ओव्यांतून आली. जावांचा उल्लेख कुठंच नाही.

"तुह्या बापाची पिठाची गिरणी हाय," आई म्हणाली, "अन् म्या जात्यावर ओव्या म्हणून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाला फोन केला. सरांनी वाचलंच नाही म्हणून सांगितलं.

"मॅडम, वाचून कोण लिहिते? मीबी प्रस्तावना वाचत नाही. खाली सही असली की झालं."

"मले नको ती."

"तुमच्या दुसऱ्या प्रतीवरून पानं लागली ना आता, प्रस्तावनेचे चार धरून. ते चार काढले त पुढचे सारे आकडे बदलतात."

"मग कोरी सोडा."

"लोक म्हणतीन छपाई चुकली."

"म्हणू द्या."

त्यानं फोन ठेवला, तो पाच महिने उचललाच नाही. मी वाकले नाही असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे 'टाका ती प्रस्तावना' असा मेसेज दोनदा लिहून पुसला. कादंबरी आपल्याच हातानं मारतेय असंच वाटायचं. शेवटी त्यानं छापली, ती माझ्या ताठ्यापुढं नमून नव्हे. त्या साली यादीत दाखवायला त्याच्याकडं दुसरी कादंबरीच नव्हती. सुरुवातीची चार पानं कोरी.

पुढं वाशीमला एक साहित्यिक कार्यक्रम झाला. सर अध्यक्ष. मी तिसऱ्या रांगेत. माझं पुस्तक उंच धरून ते म्हणाले, "या लेखिकेविषयी मी प्रस्तावनेत सविस्तर लिहिलंच आहे. ती चार पानं तरी प्रत्येकानं वाचावीत."

शेजारच्या माणसानं नुकतंच दारावर पुस्तक विकत घेतलं होतं. त्यानं पानं पुढं-मागं केली, कोऱ्या पानावर बोट फिरवलं आणि माझ्याकडं वळला.

"ताई, याच्यात त काहीच नाही. मग हे काय सांगून राह्यले?"

"सांगू द्या," मी म्हटलं. "तुमी पाचव्या पानापासून वाचा."

तो खरंच वाचू लागला. सरांचं भाषण आणखी अर्धा तास चाललं. त्यानं मान वर केली नाही.